मॅनेज कर, नवसू

लोणावळा,
२३ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय हर्षदा,

तळेगावच्या खोलीत तू आणि सोबतच्या मुली बऱ्या असाल. कारखान्यात रात्रपाळी लागली का? दुखणं अंगावर काढू नकोस. इकडे धुकं अजून हटत नाही. भिंतींना ओल आली आहे. बंगल्याचं बुकिंग मी बंद ठेवलं आहे.

तुझी आई, गंगी, येत नाही तेव्हापासून स्वयंपाक मीच करते. भाकरीच्या कडा फाटतात.

"एकट्या कशा मॅनेज करता?" शेजारणीने काल विचारलं. या घरात हा शब्द फार वापरला गेला गं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, मॅनेज म्हणजे सांभाळणं, कारभार बघणं. हे गेले तेव्हा त्याचा अर्थ लोकांसमोर न रडणं असा झाला. मग बंगला भाड्याने देऊ लागले. पाहुणे म्हणायचे, एक गादी जास्त मॅनेज करा, गावठी कोंबडा मॅनेज करा. गंगीसुद्धा शिकली. "बाई, चार वांग्यांत धा मानसं मॅनेज केली, बगा!" आम्ही दोघी हसत सुटायचो.

दहाव्यानंतर तू आली होतीस. ओट्याशी उभी राहून विचारलंस, "मावशी, खरं सांगा, बा प्याला होता का?" मी म्हणाले, "आधी चहा घे." तू न घेताच गेलीस.

नव्हता, हर्षदा. तुझा बा प्यायला नव्हता.

त्या रविवारी पोलिसांनी धबधब्याचा रस्ता बंद केला होता. पाहुणे हट्टाला पेटले. अकरा वर्षं हा बंगला राखणारा नवसू जिन्यात उभा राहून म्हणाला, "बाई, मागल्या वाटंनं जाता येतंय, पर वढ्याला पानी लय हाय. न्हाई जमायचं." मी वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चिडतील रे ते. तू आहेस ना, मॅनेज कर." माझ्या तोंडी त्याचा अर्थ इतकाच होता, की कसं ते मला सांगू नकोस. तो "बरं बाई" म्हणाला आणि दोर घेऊन गेला.

परतताना दोराला धरून चौघेही पाहुणे ओढ्याच्या अलीकडे आले. पलीकडच्या झाडाचा दोर सोडून तो शेवटी निघाला, तेव्हा लोंढा आला.

संध्याकाळी बुकिंग बघणारा सनी आला. "मावशी, टेन्शन घेऊ नका. नवसू प्यायला होता, टिपसाठी स्वतःच त्यांना घेऊन गेला, एवढं पोलिसांना लिहून द्या. पाहुणेपण तेच सांगतायत. मी मॅनेज केलंय सगळं." त्याने लिहून आणलेला जबाब मी चष्मा लावून सगळा वाचला आणि सही केली.

चार वर्षांपूर्वी शिरगावला साईबाबांपुढे नवसूने दारू सोडली, तेव्हा आपण माझ्याच गाडीतून गेलो होतो. गंगीने रडून रडून माझा रुमाल भिजवला होता. त्यानंतर त्याने थेंबाला शिवलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही सही केली.

परवा कामशेतच्या बाजारात तुमच्या वाडीतली सरूबाई भेटली. म्हणाली, "गंगीनं साईबाबांचा फोटू पालथा घातलाय. म्हनती, शपत मोडली म्हून देवानं नेला." मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटलं होतं, माझ्या त्या कागदाने फक्त माझी सुटका होईल.

आज पोलीस ठाण्यात जाऊन आले. हवालदार म्हणाले, "बाई, प्रकरण मिटलंय. आता कशाला उकरताय? तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ दे," मी म्हणाले. दुपारभर बसून नवा जबाब दिला. नवसू शुद्धीत होता, तो नको म्हणत होता, मी पाठवलं, असं त्यात लिहिलं आहे. प्रत सोबत जोडली आहे.

रविवारी वाडीवर येते. कोंडाजी आबांना सांगून माणसं जमव. सगळ्यांसमोर मी हा कागद वाचणार आहे. गंगीने नंतर मला हाकललं तरी चालेल.

पण तिला रविवारपर्यंत थांबायला लावू नकोस. हे पत्र हातात पडताच तिला फोन कर आणि सांग, त्याने शपथ मोडली नव्हती.

नवसूला ओढ्यावर पाठवणारी,
शालन