तिसऱ्या हाकेला ओ

स्कॉटलंड, ६ जून २०२४

ति. सुवर्णाआक्काच्या पायांवर डोकं ठेवून साईराजचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नको. इथं रेंज न्हाय, म्हणून सातवी नापासाला पेन धरावं लागलंय. गोव्याच्या कुकनं मला भांडी घासायला आणलं ते हाटेल एका इवल्याशा बेटावर हाय. बोट शनिवारची शनिवारी, पत्रं तीच नेते. झाड एक न्हाय. वाळू मात्र कुणी मिठाचं पोतं उपडं केल्यागत पांढरी. लोक लांबून येतात आणि दुर्बिणीतनं पक्षी बघत बसतात. आमच्या वडगावात कावळे फुकट दाखवतो म्हटलं, तर मालकीण लई हसली.

पाहुण्यांचे डबे घेऊन मी पण किनाऱ्यावर जातो. समोर एक खडक हाय. ओहोटीला तिथवर वाळूची वाट उघडी पडते, भरतीला बुडते. खडकावर सील नावाची जनावरं लोळतात, बिनपायाच्या म्हशीगत. रडतात मात्र माणसावानी, हाका मारल्यागत. आप्पांचं शिकवणं आठवतं. मेलेल्याला तिसरी हाक मारता येत न्हाय, म्हणून तिसरीबिगर ओ द्यायची न्हाय. मी पाळतो.

आप्पा माझं नाव घेतात का गं? अर्धी साडी मागावर टाकून पळालतो त्याला दोन वर्षं झाली. तवापासनं मी त्यांचा नुसता ‘तो’. एकदा नावानं हाक मारू देत, पुढच्याच बोटीनं निघतो.

माया घट्ट विणून ठेव, धागा सोडू नको.
तुझा साईराज

वडगाव, २४ जून

चि. साईराजास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून पोस्टमननं विचारलं, डॉक्टरची चिठ्ठी आली काय म्हणून. मजकूर आप्पांना वाचून दाखवला. मागावर बसून त्यांनी ऐकूच येत नाही असं केलं. पण सीलचं आलं तसा धोटा थांबला. ‘त्याला’ हाकेचं अजून आठवतं काय, एवढंच बोलले. तुझी अर्धी साडी दुसऱ्या मागावर तशीच आहे. कापू देत नाहीत, विणतही नाहीत.

त्यांचा खोकला फार वाढलाय. एक हाक मारायला तुमचं काय जातंय, म्हणून मी भांडले. तर म्हणाले, मारली आणि ओ आली नाही तर? दोघं बापलेक एकाच लाकडाचे. आधी कोण वाकतंय बघू.

जिवाला जप, आणि या आक्काला विसरू नको.
सुवर्णा

स्कॉटलंड, ११ जुलै

ति. आक्कास सा. न.

मंगळवारी एक झालं. सकाळी अकराला पाच पाहुण्यांना घेऊन वाळूवर होतो. धुकं असं दाटलं, की हातातला डबा दिसंना. आणि खडकाच्या अंगानं हाक आली, ‘साईऱ्या!’ आक्का, हे नाव इथं कुणाला ठाऊक न्हाय, मालकीण मला साय म्हणते. हाक आप्पांची होती, मागचा खोकलासुद्धा. पाय तिकडं वळलेच. मग दुसरी आली. ओ ओठावर आलती, ती गिळली. तिसरीची वाट बघत ताटकळलो. आलीच न्हाय.

धुकं हटलं तवा वाट पाण्याखाली होती. गेलो असतो तर बुडलो असतो. पाहुणे म्हणाले, सील असंल. आप्पांना सांग, तुमच्या शिकवणीनं पोरगं वाचलं.

आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेव.
साईराज

वडगाव, १३ जुलै

चि. साईराज,

आधी खाली बस, मग वाच. मंगळवारी दुपारी साडेतीनला आप्पा गेले. चार दिवस तुझा फोन लावतेय. हाटेलचा नंबर तू कधी दिलाच नाहीस. शामूकाकांनी अग्नी दिला.

त्या दिवशी ते तुझ्या मागावर जाऊन बसले होते. धोटा हातात धरून दाराकडं बघत जोरात हाक मारली, ‘साईऱ्या!’ मी धावले. परत मारली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण नुसता वारा आला. तुझ्या वतीनं मीच ओ दिली, तर त्यांनी मान हलवली. माझा आवाज ओळखला त्यांनी.

हाक मारली रे बाळा त्यांनी. आता ये.
तुझी आक्का

स्कॉटलंड, ३० जुलै

ति. आक्कास सा. न.

शनिवारी तुझं पत्र मिळालं. इथले अकरा म्हणजे तिथले साडेतीन. माझं आधीचं पत्र तुझ्या हाती पडलं असंल, तवा जास्त काय लिहू? मी ओ गिळली, आक्का.

काल परत धुकं होतं. एकटाच वाळूवर गेलो. म्हटलं, मी जिता हाय, मला तिसरी मारता येते. ‘आप्पा’ म्हणून हाक मारली. काय न्हाय, सीलपण गप. दुसरी मारली. काय न्हाय. तिसरी मारली, आणि खडकाकडनं ‘ओ’ आली. खोकल्यासकट. सील असंल म्हणशील. पण तिसरीपर्यंत थांबायचं सीलला कुणी शिकवलं?

मी चालत सुटलो. पाणी कमरेच्या वर आलतं, एवढं आठवतंय. नंतर वाळूवर पडलेलो होतो. परत कसा आलो ते ठाऊक न्हाय. अंग अजून गरम होत न्हाय, चुलीपुढं बसूनसुद्धा.

येत्या शनिवारच्या बोटीनं हे पत्र पाठवतो, तिकिटाचे पैसे जमवून तीन शनिवारांनी मी निघतो. साडी कापू नको, मी पुरी करणार. आणि एक ऐक. दारात आलो की बाहेरनं तुला हाक मारीन. लगेच ओ देऊ नको, कडी काढू नको. तीन मोज.

दोनच आल्या, तर दार उघडू नको.

तुझ्या मायेचा
साईराज