कारंज्याहून आणलेली नळी

माय, बाबांच्या गालावरचा व्रण शेवटपर्यंत गेला नाही. दाढी पांढरी झाली तरी तेवढ्या जागेवर केस उगवत नसत, आणि न्हावी हमखास विचारायचा, हे काय झालं होतं म्हणून. "नळी लागली होती," बाबा सांगायचे. तेवढंच. पुढचं सांगायचे नाहीत, कारण पुढचं सगळं तुझं होतं आणि तुझा विषय निघाला की त्यांचा आवाज बसायचा. म्हणून ते पुढचं आज मी लिहिते आहे.

दुष्काळ नुकताच सरला होता. कामरगावच्या भोवताली ज्याच्या त्याच्या वावरात विहिरी चालल्या होत्या. बाबांनी आधी कितीतरी वर्षं घण आणि पहारीनं खडक फोडला, मग त्यांनी आणि काकांनी, म्हणजे त्यांच्या जन्माच्या दोस्तानं, मिळून एक जुना कॉम्प्रेसर घेतला. वर काका इंजिन सांभाळायचे, खाली बाबा ड्रिल धरून खडकात भोकं पाडायचे, आणि वरची हवा खाली पोचवायला मधे ती लांब नळी. जुनी रबरी नळी झिजली तेव्हा त्यांनी नवीन निघालेली हिरवी प्लॅस्टिकची आणली. एका खांद्यावर पेलेल इतकी हलकी. गावातली माणसं हात लावून पाहायची. उन्हाळाभर, पावसाळाभर तिनं काही त्रास दिला नाही.

पौषातली सकाळ होती. नळी रात्रभर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडलेली, दवानं भिजलेली. काकांनी हवा सोडली आणि जिथं वळण होतं तिथंच ती तडकली. सुटलेलं टोक विहिरीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाबांच्या गालावर बसलं. त्यांना बैलगाडीत घालून आणलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. तव्यावरची भाकर तशीच टाकून तू उठलीस. ती जळल्याचा वास घरभर पसरला आणि कुणाच्या लक्षातच येईना की तवा उतरवावा. डॉक्टरांनी टाके घातले. डोळा थोडक्यात वाचला, म्हणाले.

संध्याकाळी काका दारात उभे राहिले. आत यायला त्यांना धीर होत नव्हता. म्हणाले, "वयनी, नळी वाईट नाई. थंडीनं तडकली. उद्या कारंज्याहून दुसरी आनतो."

"कोनती?"

"तशीच. दुसरी लय जड राह्यते."

"थंडीनं तडकली म्हनता, आन् तशीच आनता? थंडीत न तडकनारी आना."

"ते दुकानात कसं समजन?"

"समजत नाई त मी जातो," तू म्हणालीस.

बाबा खाटेवरून, टाक्यांमुळे अर्ध्याच तोंडानं, बोलले, "बाईमानूस नळी घ्याले जाते काय? लोक हसतीन." तू त्यांच्या अंगावरची गोधडी सारखी केलीस आणि म्हणालीस, "हसू द्या. विहिरीत उतरते कोन, लोक का तुमी?" बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग माझ्याकडे वळून तू म्हणालीस, "चाल व, कागदावर दुकानदार काई लिहून देईन त वाचाले पाह्यजे." मी मॅट्रिक झालेले होते. माझ्यासाठी स्थळं पाहणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आपण निघालो. कारंज्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यातून वाट काढत आपण मशिनरीच्या दुकानात पोचलो. दुकानदारानं तीन नळ्या पुढ्यात टाकल्या. तीच हिरवी प्लॅस्टिकची, एक जाडजूड लाल, आणि एक काळी रबरी, जिच्या कापल्या तोंडात आत विणलेल्या कापडाचे थर दिसत होते. तू विचारलंस, "थंडीत कोनती चांगली?"

तो हसला. "बाई, नळीला कुठं थंडी वाजते?"

"माह्या मानसाच्या गालाले वाजली ना भाऊ," तू म्हणालीस आणि काय झालं ते सांगितलंस. ऐकताना त्याचं हसू गेलं. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नाही, तो म्हणाला, लोक येतात, हलकी मागतात, मी देतो. मग त्यानंच टेबलाखालून तिन्हींचे उरलेले तुकडे काढले. "घेऊन जा. रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी काय ते पाहून सांगा, मलाही कळेल."

आपण मावशीकडे मुक्कामाला राहिलो. ते तीन तुकडे तू तिच्या टिनाच्या छपरावर ठेवलेस, वर पाणी शिंपडलंस. मावशी म्हणाली, "येडी झाली काय व?" सकाळी मला जाग येते तेव्हा तू अंगणात उभी आहेस, पातळाचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, तोंडातून वाफ निघते आहे. हिरवा तुकडा तू वाकवतेस. तो तुराटीसारखा ताठ, जोर दिला तसा कटकन मोडतो. लाल मोडत नाही, पण वळतही नाही. काळा तू मनगटाला गुंडाळतेस आणि तो गुंडाळला जातो. मनगटावरचा तो वेढा तू बांगडीसारखा मला दाखवतेस आणि हसतेस. त्या अपघातानंतर तू पहिल्यांदा हसत होतीस. माय, तुझा चेहरा आठवायचा म्हटलं की मला तो तसाच आठवतो, त्या अंगणातला.

दुकानदारानं काळी नळी मोजून कापली आणि मनापासून चार गोष्टी सांगितल्या. हिला डिझेल लागू देऊ नका, रबर कुजतं. घट्ट गुंडाळू नका. गार असताना एकदम हवा सोडू नका. मी सगळं लिहून घेतलं, पण तुला ते ऐकूनच पाठ झालं होतं. एसटीत कंडक्टर म्हणाला, हे वेटोळं टपावर टाका. तू ऐकलं नाहीस. "मांडीवर घेतो ना बापा." मग कामरगाव येईपर्यंत ते जड वेटोळं आपल्या दोघींच्या मांडीवर होतं आणि त्याच्या भारानं आपण एकमेकींना टेकून बसलो होतो. तू मला विचारलंस, "तुले कसा नवरा पाह्यजे व?" असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मी लाजून खिडकीबाहेर पाहत राहिले. तू परत विचारलं नाहीस.

घरी काकांनी नळी उचलून पाहिली. "वयनी, हे त दोघांशिवाय खाली उतरत नाई."

"मंग दोघं धरा."

टाके निघाल्यावर बाबा कामावर गेले, त्या सकाळी तूही मागोमाग गेलीस. मी भाकरी घेऊन पोचले तर काम अजून सुरूच नव्हतं. तू नळी धुऱ्यावर लांब पसरून ठेवली होतीस आणि तिच्यापाशी बसली होतीस. शेतमालक चुळबुळ करत होता. "थोडं ऊन लागू द्या तिले," तू म्हणत होतीस. मग हातानं ठिकठिकाणी दाबून पाहिलंस आणि काकांकडे पाहून मान डोलावलीस. काकांनी हवा हळूहळू सोडली. तू विहिरीच्या काठाशी उभी, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले. खालून ड्रिलचा आवाज सुरू झाला, पुष्कळ वेळ चालला, मग थांबला. आणि विहिरीतून बाबांचा आवाज आला, "नरम हाये व! चांगली आनली!" चारचौघांत त्यांनी तुझं कौतुक केलेलं मी ते एकदाच ऐकलं. माझ्या हातातली शिदोरी घेतलीस आणि पाठमोरी होऊन सोडत बसलीस.

तो हिवाळा संपेपर्यंत तू रोज जात राहिलीस. उजाडायच्या आधी, अनवाणी, तेवढ्या एका पदरावर. बाबा म्हणायचे, आता आमाले समजते, नको येऊ. तू जायचीसच. फाल्गुनात माझं लग्न झालं आणि मी मानोऱ्याकडे सासरी गेले. पुढच्या हिवाळ्यातही तू जात होतीस, असं काका सांगत. दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा तू खोकत होतीस. विचारलं तर म्हणालीस, "धूळ हाये विहिरीची." मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. तू म्हणालीस, "पाहू, काम सरू दे." काम सरलं नाही. विहिरीमागून विहिरी लागत गेल्या. निरोप आला तेव्हा मी एसटीनं पोचले, तोवर गावातल्या बुद्धविहारापुढे माणसं जमली होती आणि बाबा ओट्यावर बसून होते. मला म्हणाले, "छातीत पानी झालं होतं म्हने. मले सांगतलं नाई तिनं." लहान पोरासारखे ते माझ्याकडे पाहत होते, जणू मी तरी त्यांना सांगायला हवं होतं.

बाबा त्यानंतर खूप वर्षं जगले. माझी मुलं त्यांनी खांद्यावर खेळवली. विहिरीत त्यांना पुन्हा कधी काही झालं नाही. मी आता तुझ्या त्या वेळच्या वयापेक्षा किती तरी मोठी आहे, तू आता समोर आलीस तर मला माझ्या मुलीसारखी वाटशील. थंडी पडली की सून माझ्या पायात मोजे चढवते, खोकले की काढा देते, आणि मी मुकाट्यानं घेते. ती म्हणते, आईंना हिवाळ्यात त्यांच्या माईची आठवण येते, म्हणून त्या गप्प असतात. मी हो म्हणते. हा कागदही मी तिला दाखवणार नाही. खरं तर मला तुझा राग येतो, माय. अजून येतो.