गाळलेली ओळ

धुळे, ४ नोव्हेंबर १९७४
पारोळ्याची शाळा सुटली, गणित मात्र सुटलं नाही! इथल्या दूधवाटप संस्थेत बालकांच्या यादीसाठी फोरट्रान भाषेत प्रोग्रॅम लिहायचं काम मिळालं. यंत्र मुंबईत; आम्ही कागद टपालाने धाडायचे, उत्तरं छापून येतात. खोली ताईबाईंकडे. घरात त्या, सून कमल आणि अकरा महिन्यांची नात रतन. ताईबाई म्हणाल्या, "गुरुजी, यंत्रले इचारा, इना दात कवय येतीन?" दात केव्हा येतील, ते यंत्राला काय ठाऊक! रतनने माझा चष्मा ओढला.

८ नोव्हेंबर
काही फलनं, म्हणजे तयार गणिती कृती, यंत्राला पाठच असतात. नाव लिहायचं, कंसात संख्या द्यायची. वर्गात कवितेचा पहिला शब्द म्हणावा आणि मागच्या बाकापर्यंत सगळी कविता उसळून यावी, तसं! 'इंट' मला फार आवडलं. अपूर्णांक छाटून पूर्णांक देतं. वयासाठी तेच वापरलं: महिने भागिले बारा. आमच्या कागदांवरून मुंबईत भोकांची कार्डं पाडतात; कोरं कार्ड यंत्र शून्य वाचतं, म्हणून शून्य आलं की ओळ गाळायची, असंही लिहिलं. चाचणीला ताईबाईंच्याच घरातल्या तिघींची नावं नि वयं दिली.

१९ नोव्हेंबर
छापील कागद आला. ताईबाई, कमल. रतन नाही. अकरा भागिले बारा, छाटल्यावर शून्य! हसू आलं.
दुपारी रतन केव्हाची रडत होती. कमल शेजारीच लसूण सोलत बसलेली. हाक मारली, तर म्हणाली, "कोन रडस, गुरुजी?" थट्टा वाटली.

२० नोव्हेंबर
थट्टा नाही. ताईबाईंनी पाळणा सोडून माळ्यावर टाकला. म्हणाल्या, घरमा पोर शे कुठे? पोर त्यांच्या पायाशी रांगत होती.
कमलची चोळी दुधाने भिजली आहे. का, ते तिला कळत नाही. नुसती रडते.

२१ नोव्हेंबर
यादीतून गळली म्हणूनच हे! छाटण्याआधी अर्धा मिळवला की रतनचा एक होईल. घाईघाईत दुरुस्ती लिहून टपालात टाकली. तोवर वाटी-चमच्याने मीच पाजतो. जुन्या कविता म्हणतो, मग झोपते.

२६ नोव्हेंबर
तिचा आवाज बारीक झालाय — पलीकडच्या गल्लीतून यावा तसा. आणि ती तर माझ्या खांद्यावर —

२७ नोव्हेंबर
तोंड उघडं, गाल ओले. ऐकू काहीच येत नाही. कविता म्हणतोय — कुणासाठी — रतनसाठी. रतन. रतन.

२९ नोव्हेंबर
पाकीट आलं. दोनच नावं. अर्धा मी कंसाबाहेर लिहिला — आधी छाटलं, मग मिळवलं — पूर्णांकाच्या खान्यात जाताना तोही छाटला गेला —
पुन्हा लिहायला बसलोय. तिला घट्ट धरलंय. मांडी ओली झाली. ऊबही आहे. पण मांडीवर कुणी दिसत —