उदबत्त्या कशासाठी होत्या

सौ. म्हाळसाबाईस,

टांगा दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मी दवाखान्यात चाललो. पायाच्या बोटाचं काळं घोट्यापर्यंत चढलं. उद्या सकाळी डॉक्टर डावा पाय गुडघ्याखाली कापणार आहेत.

तू या पायासाठी नवस बोलून अनवाणी अक्कलकोटला गेलीस, म्हणून सांगतो. विडी मी सोडली नव्हती. देवापुढे रोज पाच-पाच उदबत्त्या लावत होतो, त्या विडीचा वास झाकायला. तुला वाटलं, जन्मभर लोकांची टिंगल लिहिणारा माणूस म्हातारपणी भाविक झाला. शेजारच्या रंभाबाईंना तू ते डोळे पुसत सांगत होतीस, तेव्हा मी परसात बसून ऐकत होतो. आणि ओढत होतो.

डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, "आण्णा, धूर छातीत थांबत नाही. रक्तातून अंगभर फिरतो, शिरा आखडून टाकतो. विडी टाका, पाय वाचेल." मी म्हणालो, "पायानं कधी विडी ओढली नाही, त्याला कशाला शिक्षा?" ते हसले नाहीत. मला वाटलं, माणसाला विनोद कळत नाही.

स्वामींना बोल लावू नकोस; त्यांचं काही चुकलं नाही. तळपायांना खोबरेल लाव. आज रात्री घरी पोचलीस की, भाकरी झाकून ठेवली आहे, ती खा.

उद्या आठच्या आत ये. कीव करायला नको, रागवायला ये. दोन पाय आहेत तोवर, भिंतीला धरून का होईना, तुझ्यापुढे उभं राहून ऐकून घेईन.