नानांचं फावडं

कापडे, ता. २० ऑगस्ट १९३३

आज नानांवर ओरडलो. ऐंशीच्या घरातले माझे वडील, भर पावसात फावडं घेऊन बांधावर! म्हणे, खालच्या सखूकाकीच्या भाताला पाणी सोडायचंय. तिचा नवरा गेल्यापासून रोज सोडतात. पण या पावसात पाणी हवंय कुणाला? याच हातांनी राबून मला मास्तर केलं, आणि मी त्यांच्यावर ओरडतो?

तिन्हीसांजेला काकीच आली. म्हणाली, "माझं शेत भरलेलं हाय रे. पाणी नको. नाना घरी गेले की मीच बांधाचं तोंड बुजवते, उद्या त्यांना उघडायला."

फावडं दाराशी आहे. चिखल अजून ओला.

नानांना महाडला माझ्या बिऱ्हाडी न्यायचं ठरवूनच आलो होतो. तिथे त्यांच्यासाठी रोज बांध कोण बुजवील?