चहाआधीचा प्रश्न

सर, तुमची किटली अजून आहे. तुम्ही गेल्यावर काकूंनी ती माझ्या हाती दिली, तेव्हा दांड्याला तुम्ही गुंडाळलेली सुतळी होती, ती मी बदललेली नाही. प्रोटीनवर काम करणारी रायपूरची आम्ही मंडळी महिन्यातल्या एका शनिवारी अजून जमतो. खोली आता तुमच्या कॉलेजातली नाही, आमच्या संस्थेतली आहे, पण आलुगुंडे, म्हणजे इथले बटाटेवडे, पुरानी बस्तीतल्या तुमच्याच ठरलेल्या दुकानातून येतात. नियमही तुमचाच. भाषण संपलं की पहिला प्रश्न खोलीतल्या सगळ्यात नव्या पोराने विचारायचा, आणि तो येईपर्यंत चहा ओतायचा नाही. आज मला त्या नियमाचा इतका राग आलाय, की तुम्ही असता तर तोंडावर बोलले असते.

मी तुमच्याकडे संशोधनाला नुकतीच लागले होते, तेव्हाची गोष्ट. बाहेरून कुणी मोठे पाहुणे आलेले. त्यांचं भाषण संपतं, तुम्ही किटलीच्या झाकणावर हात ठेवून माझ्याकडे बघता. मी वहीत बघते. शेवटी कशीबशी म्हणते, "खूप छान वाटलं, सर."

"हा प्रश्न होय का वं पोट्टे? हा तं मस्का झाला," तुम्ही म्हणालात. "तुले काय नाही समजलं थे इचार. काहून भिऊन राहिली?"

सगळ्यांसमोर. रडू फुटायचंच बाकी होतं. मग त्या रागातच मी पाहुण्यांना विचारलं, हे तुम्ही किती वेळा करून पाहिलंत? ते म्हणाले, एकदाच. तुम्ही पहिला कप त्यांना दिला, दुसरा मला. सदर बाजारातल्या गर्दीतून सायकल काढत मी घरी गेले ती हवेतच. त्या पाहुण्यांचं पुढे काय झालं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या जागी मी होते. लाखोळी डाळीच्या दाण्यातलं एक प्रोटीन अळीच्या पोटातल्या पाचक प्रोटीनला घट्ट धरून बसतं आणि तिचं पचन बंद पाडतं, असं माझं म्हणणं. दाण्यातलं हे प्रोटीन आम्ही जिवाणूंकडून बनवून घेतो, आणि मागाहून वेगळं काढता यावं म्हणून त्याला एक छोटं शेपूट जोडतो. सगळेच जोडतात. ते सहसा कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, त्यामुळे कापायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. पेपर तयार होता, सोमवारी पाठवायचा होता. माझी नोकरी कायम होणं त्याच्यावरच अडलंय, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्यात नवी म्हणजे अभनपूरहून रोज बसने येणारी एक मुलगी. घरात मराठी ऐकते, उत्तर हिंदीत देते. ती उठली.

"मॅडम, वो पूँछ काटकर देखा था क्या? कहीं वही तो नहीं चिपक रही?"

आमचे विभागप्रमुख हसले. "बेटा, पहले बेसिक पढ़ लो, फिर पूछना." त्यांच्यामागे आणखी चारजण हसले. पोरगी मान खाली घालून बसायला लागली. किटली घेऊन दारात उभा असलेला भैया माझ्याकडे बघतोय, ओतू की नको. सर, मला नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढ्याने भागलं असतं. हसणं ओसरलं असतं, चहा झाला असता, सोमवारी पेपर गेला असता.

"नाही कापलं," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून. मग भैयाला म्हटलं, "सवाल हो गया. चाय डालिए."

विभागप्रमुखांनी कप हातात घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "अपना पेपर आपने खुद रोक लिया."

आज त्या मुलीने आणि मी शेपूट कापलेलं प्रोटीन अळीच्या प्रोटीनबरोबर जेलवर, म्हणजे प्रोटीनं वेगळी करायच्या पातळ, लिबलिबीत वडीवर, चालवलं. दोघं एकमेकांना धरून असतील, तर वर एक वेगळी निळी पट्टी दिसेल. नसतील, तर तिथे काही नसेल, आणि माझ्या पेपरातही मग काही उरणार नाही. जादा रंग निघून जावा म्हणून जेल झाकणाच्या डब्यात धुवायला ठेवलंय. पोरगी मघापासून दारातून डोकावतेय. "मॅडम, देख लें?" थांब जरा, मी म्हणते, आणि तुम्हाला लिहीत बसते.

जेल केव्हाच धुऊन झालंय, सर. तुमची आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नाही, ते झाकण उचलावं लागू नये म्हणून बसले. हा कागद कुठे पाठवायचा नाहीये, म्हणून हेही लिहून टाकते: ती पोरगी चुकावी असं मला अगदी मनापासून वाटतंय. तुमच्या त्या पाहुण्यांनाही माझ्याबद्दल असंच वाटलं असणार, आणि तरी त्यांनी तुमच्या हातचा चहा घेतला.

ती पुन्हा दारात आलीय. या वेळी तिला आत बोलावते. झाकण तिलाच उचलू दे. मी तिच्या मागे उभी राहीन, म्हणजे माझा चेहरा तिला दिसणार नाही.