रविवारचं हळदीकुंकू

आई,

काल आपल्या सोसायटीत महिला मंडळाचा कार्यक्रम होता. पाहुण्या बाई ‘नोकरी करणारी आई आणि घरी राहणारी आई’ या विषयावर बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी तुमचंच वाक्य म्हटलं, ‘बाईनं आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे.’ मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. मला हसू आलं, तेही मोठ्यानं. शेजारी बसलेल्या तुमच्या सुनेनं दंडाला चिमटा काढला आणि पुटपुटली, “वय काय आपलं!” त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. वाक्यही खोटं नाही. पण मी ते तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, आणि दर वेळी तुम्ही उभ्या असायचात त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांवर. आज सकाळी पूजा झाल्यावर मन शांत होईल असं वाटलं होतं. झालं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

पहिले पाय काकूचे. तुमची सरकारी कचेरीतली नोकरी, अण्णांच्या कारखान्यातल्या पाळ्या, म्हणून मला खानदेशात गावी ठेवलं. तिथल्याच शाळेत मी शिकलो, बडोद्याला तुमच्याकडे आलो तो शाळा संपल्यावर. तुम्ही दिवाळीला आणि मे महिन्यात यायचात. काकूला मी ‘ए काकू’ म्हणायचो आणि तुम्हाला ‘अहो आई’, पाहुण्यांना म्हणावं तसं. तुम्ही ते कधी दुरुस्त केलं नाही. बडोद्यातल्या तुमच्या माहेरच्या रीतीला ते शोभलं असावं, तुमचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते ना. एका दिवाळीचं मला अजून दिसतं. काकू चुलीपुढे बसून अनारसे तळते आहे, धुरानं तिचे डोळे लाल झाले आहेत. तुम्ही खुर्ची आणवून दारात बसला आहात, साडीला धूर लागू नये म्हणून आत येत नाही. आणि म्हणता, “वहिनी, तुमचं सगळं आयुष्य या चुलीत गेलं हो. मला तर एक दिवस असं जमणार नाही.” काकूनं झारा निथळवला आणि न बघता म्हणाली, “हो ना बाई. आणि तुझा पोरगा वाऱ्यावर मोठा झाला.” तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, ती गंमत करते आहे. चारचौघांत काकूचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचात, “बिचारी, अडाणी आहे.” तिच्या हातचे अनारसे मात्र डबा भरून बडोद्याला न्यायचात आणि कचेरीत वाटायचात. ते कोणी केले, हे तिथे कधी सांगितलंत का, मला शंका आहे.

तुम्ही नोकरी केलीत याचा मला राग नाही, हे आधीच लिहून टाकतो. मी जातो त्या मंदिरात एक प्रवचनकार येतात. आया घराबाहेर पडल्या म्हणून मुलं बिघडली, असं ते डोळे मिटून सांगतात. त्यांच्या बायकोचा शिवणाचा क्लास चालतो म्हणून यांना प्रवचनं करत फिरता येतं. तिथेही मला किळसच येते. नोकरी करणारी असो की घरी राहणारी, ती तिच्या जागी बरोबर असते. मला तिडीक येते ती दुसरीच्या जिवावर उभं राहून तिलाच खाली बघणाऱ्यांची. आणि त्यात तुमच्याइतकं तरबेज मी कुणी पाहिलं नाही.

माझं लग्न तुम्हीच ठरवलंत. शहादे तालुक्यातल्या त्या घराच्या ओसरीवर आपण पोहे खात होतो. तुमच्या होणाऱ्या सुनेनं बालवाडीचा कोर्स केला होता. तिच्या वडिलांनी तो अभिमानानं सांगितला. तुम्ही बशी खाली ठेवून विचारलंत, “म्हणजे नोकरीबिकरी करायचा विचार आहे का?” तिचे वडील घाईनं म्हणाले, “छे छे, तसं काही नाही.” तुम्ही तिच्याकडे वळलात, “तू सांग गं.” ती म्हणाली, “नाही.” तुमचा चेहरा खुलला. बसमध्ये तुम्ही अण्णांना म्हणालात, “घर सांभाळणारी आहे. मला अशीच हवी होती.” नोकरी नको म्हणून मुलगी पसंत केलीत आणि पुढे घरात असते म्हणून आयुष्यभर तिला हिणवलंत. माझ्या ओळखीत इतका चोख सौदा दुसऱ्या कुणी केलेला नाही.

संक्रांतीनंतर आपल्याकडे दोन हळदीकुंकू व्हायची. बडोद्यात आणखी कुठे असं होत असेल असं मला वाटत नाही. गुरुवारी दुपारी सोसायटीतल्या घरच्या बायकांचं, आणि रविवारी संध्याकाळी तुमच्या कचेरीतल्या, बँकेतल्या, शाळांतल्या नोकरदार बायकांचं. कारण तुम्ही सांगायचात ते साधं होतं, नोकरीवाल्यांना रविवारशिवाय सवड नसते. पण मग वाण का वेगळं असायचं? रविवारच्या बायकांना स्टीलचा जेवणाचा डबा, गुरुवारच्या बायकांना प्लास्टिकची चहाची गाळणी. रविवारी मटारकरंजी आणि मसाला दूध, गुरुवारी चिवडा. गुरुवारी तुम्ही कचेरीत असायचात, त्यामुळे तो दिवस तुमची सून एकटी निभवायची. रविवारी ती आत करंज्या तळायची आणि बाहेर आणून द्यायची. एकदा तुमच्या कचेरीतल्या एका बाईंनी विचारलं, “सूनबाई काय करतात?” सूनबाई त्यांच्यासमोर तिळगुळाचं ताट धरून उभी होती. तुम्ही म्हणालात, “काही नाही. घरीच असते.” त्या बाई म्हणाल्या, “नशीबवान आहात हो! आमची सून सकाळी आठला बाहेर पडते, मग कणीक मीच मळते.” सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, आणि मान जराशी उंच केलीत. त्या रात्री भांडी आवरताना ती मला म्हणाली, “गुरुवारी मी वाटणारी आणि रविवारी वाढणारी. मला ना डबा मिळाला ना गाळणी. मी कुठल्या वाराची म्हणायची हो?” ती हसत होती. तिला असं हसता येतं. मला येत नाही.

मग तुम्ही निवृत्त झालात आणि घरीच राहू लागलात. मला वाटलं होतं, आता कळेल. पण तुम्ही घरी राहिलाच नाहीत, तुम्ही घराची कचेरी केलीत. खिडकीपाशी टेबल मांडलंत. निरोप समारंभात मिळालेली टेबलावरची घंटी त्यावर ठेवलीत. ती वाजली की चहा यायला हवा, शिपाई आणायचा तसा. मी देवापुढे घंटा वाजवायचो तेव्हाही तुमची सून स्वयंपाकघरातून दचकून बाहेर यायची. भाजीत मीठ कमी पडलं की तुम्ही म्हणायचात, “ही भाजी पास कुणी केली?” अण्णा वर्तमानपत्राच्या आड. तिला आजारी आईला बघायला गावी जायचं होतं, तर म्हणालात, “आधी सांगायला हवं होतं. अशी अचानक रजा मिळत नसते.” विनोद होता म्हणे. तिचा चेहरा विनोद ऐकल्यासारखा नव्हता.

आणि मग हरणी भागातली ती बालवाडी. गणपतीत सोसायटीच्या मांडवात ती लहान मुलांना गोष्टी सांगायची, तिथे एका बालवाडीच्या मुख्य बाईंनी तिला पाहिलं आणि शिकवायला बोलावलं. सकाळी जायचं आणि जेवणवेळ उलटल्यावर परत. आमचा मुलगा तेव्हा शाळेत जायला लागला होता. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं विषय काढला. तुमचा घास तसाच राहिला.

“बालवाडी? ती काय नोकरी आहे? लोकांच्या पोरांचे शेंबूड पुसायचे.”

“घरी पुसलेच की, आई.”

“आणि मला बारा वाजता गरम ताट कोण वाढणार?”

“सगळं करून झाकून ठेवीन. गरम तेवढं करायचं.”

“मी करायचं?”

ती म्हणाली, “तुम्हीच म्हणता ना, बाईनं आपल्या पायावर उभं राहावं.”

तुमचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. “ते शिकलेल्या बायकांसाठी म्हणते मी.”

अण्णांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. मी म्हणालो, “ती जाणार आहे,” आणि भात मागितला. मोठं काही बोलायला मला जमत नाही. ती उठली आणि तिनं आधी तुम्हालाच भात वाढला.

ती जायला लागली आणि तुम्ही रुसलात. झाकलेल्या ताटाला हात लावायचा नाही, बारा वाजता समोरच्या गुजराती शेजारणीकडे जाऊन बसायचं आणि सुनेनं उपाशी ठेवलं म्हणून सांगायचं. ती चांगली बाई, तुम्हाला मासी म्हणायची, रोज रोटली आणि दाळ वाढायची. एक दिवस मी छाणी भागातल्या वर्कशॉपमधून कामावरून लवकर आलो, जिन्यातच मला तिचा आवाज ऐकू आला. खवचटपणा नव्हता त्यात, तिला खरंच प्रश्न पडला होता. “पण मासी, तमे तो आखी जिंदगी नोकरी करी. त्यारे तमने कोण जमाडतुं हतुं?” तुम्ही तर जन्मभर नोकरी केली, तेव्हा तुम्हाला कोण जेवू घालायचं, एवढंच तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, “एनी वात जुदी हती.” ती गोष्ट वेगळी होती. बस, एवढंच. काकूची चूल, सुनेची कढई, आणि मधल्या वर्षांत येऊन गेलेल्या सगळ्या स्वयंपाकीणबाया, ती गोष्ट वेगळी होती. त्या चार शब्दांइतकं हलकं काही मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. मी तसाच खाली उतरलो आणि सोसायटीच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो, कारण वर गेलो असतो तर आईला बोलू नये ते बोललो असतो.

त्यानंतर तुम्ही समोर जाणं सोडलंत. एका दुपारी मी घरी आलो तर तुम्ही ओट्यापाशी उभ्या होतात. हातात थंड आमटीची वाटी, त्यात कुस्करलेली पोळी. शेगडीवर लायटर आडवा पडला होता आणि खोलीत गॅसचा वास होता. मी शेगडीचं बटण बंद केलं, खिडकी उघडली. तुम्ही म्हणालात, “उन्हाळ्यात थंडच बरं लागतं.” आणि उभ्या उभ्या जेवलात. कचेरीत इतक्या लोकांच्या सह्या-शिक्क्यांचा कारभार चालवणाऱ्या बाईला शेगडी पेटवता येत नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं. मी तुम्हाला शिकवली नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी तुमच्या सुनेनं तुम्हाला ओट्यापाशी नेलं, लायटर कसा धरायचा ते दाखवलं, आणि तुमच्याकडून तीनदा पेटवून घेतलं, बालवाडीतल्या मुलांकडून घेते तसं. “छान,” म्हणाली. तुम्ही मात्र तिला अखेरपर्यंत तसं कधी म्हणाला नाहीत. एकदा तरी कुणापुढे ‘माझी सून बालवाडीत शिकवते’ एवढं म्हणाल, याची ती वाट पाहत होती. तिनं कधी सांगितलं नाही, पण पाहुणे आले की ती स्वयंपाकघराच्या दारात थोडी जास्त वेळ थांबायची. तुम्ही अंथरुणाला खिळलात, तिनं रजा घेऊन तुमचं सगळं केलं, डॉक्टरांनी विचारलं, “या कोण?” तर म्हणालात, “घरचीच आहे.”

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते देवापुढे बसून मी अनेकदा धुवायचा प्रयत्न केला. गेलं नाही. तुमच्या श्राद्धाला मी नीट सगळं करतो, पिंड ठेवतो, नमस्कार करतो, आणि नमस्कार करतानाही माझ्या मनात तुमच्याबद्दल आदर नसतो. देवाला हे ठाऊक आहे. तुम्हालाही असू द्या.

ती अजून हरणीला जाते. आता तीच तिथली मुख्य बाई आहे. हे पत्र तिला दाखवणार नाही, ती म्हणेल, “जाऊ द्या हो, मेलेल्या माणसाशी काय भांडायचं,” आणि मला पुन्हा राग येईल. फाडणारही नाही. पूजेच्या पुस्तकांखाली राहील.

एक मात्र लिहायचं टाळत होतो. ती पहिल्यांदा बालवाडीत निघाली त्या सकाळी तिनं दारात उभं राहून चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली आणि वळून पाहिलं. मी मोठा बाप्या, तिच्या बाजूनं भांडलेला, आणि माझ्या घशाशी एकच शब्द आला, ‘नको’. गावच्या थांब्यावर तुमची बस हलायची तेव्हा यायचा तोच. तेव्हाही तो मी कधी बोललो नाही. तिला म्हणालो, “डबा घेतलास ना?”